आपलं ग्रीक आडनाव

बाबा,

परवा बँकेतल्या मुलाने माझं आडनाव दोनदा विचारलं. अळसांदे, म्हटलं. त्याने मान वर करून पाहिलं. "मराठीच ना मॅडम तुम्ही?" तुम्ही असतात तर तिथेच खुर्ची ओढून बसला असतात आणि मागची रांग दारापर्यंत गेली असती. मी सांगितलं, "मराठीच. चवळीची एक जात असते, तिचं नाव आहे." तो हसला, शिक्का मारला, संपलं. रिक्षात बसल्यावर मात्र मला तुमचा राग आला, इतक्या वर्षांनी, अगदी ताजा. घरी येऊन लिहायला बसले.

तुमची ती कथा मला अजून तोंडपाठ आहे. सिकंदराने समुद्रकाठी शहर वसवलं, जुन्या पाली ग्रंथांत त्याला अलसंद म्हणत, तिथला कुणी यवन, म्हणजे ग्रीक, व्यापारी सोपाऱ्याच्या बंदरात उतरला, घाट चढून नाशकात आला, लेण्यांना दान देऊन इथेच राहिला, आणि त्याच्या वंशात जन्मले कोण, तर शाळेत इतिहास शिकवणारे तुम्ही. पांडवलेण्यांत यवनाच्या दानाचा शिलालेख आहे हे खरं. पण त्यात आपलं आडनाव कुठेच नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, कारण ब्राह्मी तुम्हाला वाचता येत होती. तरी घरी पाहुणा आला की रविवारी त्याला घेऊन पायऱ्या चढायच्या, त्या अक्षरांवर हात ठेवायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "हे आमचे." पाहुणा धापा टाकत मान डोलवायचा. त्याला खाली जाऊन चहा हवा असायचा. टेलिफोनच्या पुस्तकात आपलं एकच नाव आहे, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवायचात, जणू दुर्मीळ असणं हेच मोठं कर्तृत्व. शिक्षकांच्या खोलीत तुम्हाला सिकंदर म्हणत. ती थट्टा होती, बाबा. सगळ्या शाळेला कळत होती. तुम्ही मात्र घरी येऊन आईला कौतुकाने सांगायचात.

आईचं माहेर सावंतवाडीकडचं, तिचे वडील नोकरीसाठी देवळाली कॅम्पात आलेले. लग्नात आडनाव ऐकून ती पदराआड हसली होती म्हणे, कारण तिच्याकडे अळसांद्याची उसळ व्हायची. मामा गावाहून अळसांद्यांची पिशवी पाठवायचा. एकदा पिशवी येते त्या दिवशी आई ओलं खोबरं घालून उसळ करते, ताट तुमच्यापुढे ठेवते आणि चेहरा सरळ ठेवून म्हणते, "बसा. आज तुमचे पूर्वज शिजवलेत." तुम्ही ताट सरकवून उठता. "अडाणी घरातली बाई," एवढंच म्हणता, आणि दोन दिवस तिच्याशी बोलत नाही. पुढे मी वाचलं की त्या कडधान्याचं नावसुद्धा अलसंद शहरावरूनच आलं असावं, असं काही जाणकार मानतात. म्हणजे ग्रीक कुणी असलंच तर ती चवळी. तुमचं तेवढ्यावर भागलं असतं का?

एवढंच असतं तर तुमच्यावर हसून सोडून दिलं असतं. पण वाचनालयाच्या सभागृहातली ती संध्याकाळ आहे. "एका आडनावाचा उगम" असा फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेला विषय, निवृत्त प्राचार्य अध्यक्ष, तुमच्या खांद्यावर शाल. मी तेव्हा कॉलेजात होते, आईबरोबर दुसऱ्या रांगेत. व्याख्यान अर्धं झालं तेव्हा मोठे काका आले. तुमचे सख्खे थोरले भाऊ, सुरगाण्याच्या डोंगरात भात-नागली करणारे. तुम्ही वसतिगृहात राहून शिकावं म्हणून त्यांनी शाळा सोडून नांगर धरला होता, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आजीने सांगितलं. घरी कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्यांना विचारत ते सभागृहात पोचले होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं, डोक्यावर टोपी, काखेत नव्या तांदळाचं गाठोडं. मागच्या भिंतीला टेकून त्यांनी तुमचा शब्दन् शब्द ऐकला. मी वळून पाहिलं तर त्यांचं तोंड उघडं राहिलेलं, देवळात कीर्तन ऐकताना राहतं तसं.

अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचं आहे का?" म्हटलं आणि काका पुढे आले. एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, भरल्या आवाजात म्हणाले, "मंग मी बी त्यातलाच का रं? सिकंदराचा?"

सभागृह हसलं. अध्यक्षांनी हसू आवरत तुम्हाला विचारलं, "हे आपले कोण?"

तुम्ही शाल सारखी केली. "आमच्या गावाकडचे आहेत," म्हणालात. "शेतावर असतात."

किती जपून निवडलेलं वाक्य. एक शब्द खोटा नाही त्यात. तुमच्या अख्ख्या व्याख्यानात पुराव्याच्या कसोटीला उतरणारं तेवढंच एक वाक्य होतं. काकांचा हात खुर्चीवर तसाच राहिला. ते तुमच्याकडे पाहत होते, तुम्ही पुढच्या प्रश्नाकडे. मग त्यांनी टोपी नीट केली आणि सावकाश बाहेर गेले. आई उठून त्यांच्यामागे धावली. परतली तेव्हा गाठोडं तिच्या हातात होतं. "शेवटची गाडी चुकेल म्हणून गेले," एवढंच बोलली. त्या तांदळाचा भात तुम्ही पोटभर जेवलात. काका पुन्हा आपल्या घरी आले नाहीत. तुम्हाला अग्नी दिला त्या दिवशी आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले.

यंदा काका गेले. मी दहाव्याला गेले होते. तुमच्या वतीने वगैरे नाही, माझी मी. वाटेत एकच गोष्ट ठरवली होती, संधी मिळाली तर त्या लोकांना तुम्ही काय होता ते सांगायचं. पाड्यात शिरले तर पहिल्याच घरासमोर भाजीची पिकअप उभी, काचेवर मोठ्या अक्षरांत "सिकंदर". मला वाटलं, सिनेमातलं काही असेल. आत गेले तर काकांच्या फोटोशेजारी तुमचा फोटो, वर्तमानपत्रातून कापून मढवलेला, त्याला ताजा हार. मोठ्या काकूंनी मला जवळ बसवलं. "लय मोठा मानूस तुझा बाप," त्या म्हणाल्या. "हे सांगायचे ना, भावानं भर सभेत माझी वळख करून दिली. सगळी लोकं वळून बघाया लागली म्हने."

मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. काकांना काही कळलं नव्हतं, हे मी कधीच मानणार नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. ते त्या रात्री घरी गेले आणि अपमान स्वतःजवळ ठेवून त्यांनी तुमची कथा तेवढी सगळ्यांना देऊन टाकली, मुलांना, सुनांना, नातवंडांना. पाड्यातली सगळी अळसांदे मंडळी स्वतःला ग्रीक समजतात, बाबा. शेजारच्या वस्तीतलं एक घरही आता हेच आडनाव लावतं, असं काकू हसत सांगत होत्या. तुम्हाला ते एकट्यासाठी हवं होतं ना? बघा, नागली पेरणारे, द्राक्षाच्या हंगामात मजुरीला उतरणारे, सगळे सिकंदराचे.

तेवढ्यात काकांची नात आली, नाशकात नर्सिंग शिकणारी, चुणचुणीत. सगळ्यांसमोर तुमच्या फोटोकडे बोट करून मला म्हणाली, "आजी, तुम्ही त्यांची मुलगी. हॉस्टेलच्या पोरी हसतात मला, खोटं बोलते म्हणतात. आपण खरंच तिकडचे ना?" काकू माझ्याकडे बघत होत्या. सगळं ओठावर आलं होतं, शाल, अध्यक्ष, "शेतावर असतात", सगळं.

तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण यातलं पुढचं वाचून तुम्ही खूश झाला असतात. मी त्या मुलीला जवळ बसवलं आणि सोपाऱ्याच्या बंदरापासून सुरुवात केली. मन लावून सांगितलं. आणि सांगताना मला मजा आली.