आठाचे तीन

मंगळवार, १४ तारीख, दुपार

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुमचं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला की लोक प्रकृतीवर ढकलतात, पण माझी प्रकृती ठणठणीत आहे. गुडघासुद्धा कुरकुरत नाही. तळमजल्याचा तेवढा फायदा.

इकडे सगळं जागच्या जागी. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सकाळी दारातून हाक मारतात, मी "आहे" म्हणतो आणि त्यांचं समाधान होतं. स्वयंपाक जमतो. मीठ दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. मुलाचा फोन रविवारी येतो. दुधाची तहान ताकावर. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "बाबा, जा ना मावशीकडे. वाट कसली बघताय?"

तुम्ही लिहिलंत, शेजारच्या दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत, मधलं दार उघडंच आहे, सामान बांधा आणि या. वाचून डोळे भरून आले. पण त्याआधी तुमच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. हिला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी तुम्ही दारात विचारलं होतंत, "मास्तर, माझ्यात काय कमी होतं, की धाकटी माझ्या शेजारी राहायला आली नाही?" मी चपला शोधत राहिलो. त्या माझ्या पायातच होत्या.

निवृत्तीनंतर कुठे राहायचं, हे आम्ही रीतसर ठरवलं होतं. चार गावं बघितली. प्रत्येक गावात आठ दिवस राहिलो, तेही तिथल्या सगळ्यात वाईट हवेत. ही बाजारातून पाच किलो बटाटे घेऊन घरापर्यंत चालायची. म्हणायची, "सत्तरीत हात रिकामे नसतात, ओझ्यानिशी चाललं तरच रस्ता कळतो." मग ती तोंडी गुण सांगायची आणि मी लिहायचो. दहा बाबी, दहा-दहा गुण. दवाखाना, चढ, पाणी, शेजार, असं सगळं. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, दुसरं येतं काय मला?

तुमच्या गावाला चौऱ्याहत्तर पडले. मुलाच्या गावाला एकाहत्तर.

ताई, तो तक्ता पक्का करताना मी तुमच्या दवाखान्याच्या आठाचे तीन केले. तुमचं गाव एकोणसत्तरावर आलं. हिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणालो, "बघ बाई, आकड्यांपुढे आपलं काय चालतं." तिनं बराच वेळ कागद बघितला आणि म्हणाली, "मुलाजवळ तर मुलाजवळ."

मुलाची ओढ होती, पण खरं कारण तुम्ही होतात. तुम्ही दोघी एकत्र आलात की मी घरातलं जादाचं माणूस व्हायचो. ती तुमच्याजवळ जशी हसायची तशी माझ्याजवळ चाळीस वर्षांत हसली नाही. उरलेली वर्षं मधल्या दारापलीकडून ते हसू ऐकत काढायची मला भीती वाटली. मत्सरच तो, दुसरा शब्द नाही.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. तुम्ही फोन केलात तेव्हा ही अंघोळीला गेली होती. मी म्हणालो, "हिचंच मन नाही, तुम्हाला सांगायला संकोचते." त्यानंतर तुमचे फोन तुटक झाले. ही म्हणायची, "आपण गेलो नाही म्हणून रागावलीय ताई. उतरेल राग." तिच्या हयातीत तो उतरला नाही. उतरणार कसा, मीच मध्ये बसलो होतो ना.

अकरा महिन्यांत मुलाची बदली झाली. दवाखाना मात्र सहा मिनिटांवर होता. ही गेली त्या सकाळी आम्ही सहाच मिनिटांत पोचलो. उपयोग झाला नाही.

तुमचं पत्र आलं आणि सामान बांधायला घेतलं. दारामागे तिची बटाट्यांची पिशवी होती. आतल्या कप्प्यात तोच तक्ता, चार घड्या घातलेला. आमच्या कामात एक नियम असतो. गुण बदलले तर बदललेल्या आकड्याशेजारी दोन सह्या लागतात, एक बदलणाऱ्याची आणि एक तो बदल मान्य करणाऱ्याची. तिला तो पाठ होता, माझे गठ्ठे तीच बांधायची.

त्या तीनाशेजारी तिची सही आहे. खाली तारीख, आम्ही इथे राहायला आलो त्या दिवसाची.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कळूनसवरून ती माझ्यासाठी आली. मी फोनवर तुम्हाला काय सांगितलं, ते मात्र तिला कधीच कळलं नाही. बहीण दुरावली ती आपल्याच निर्णयामुळे, असं मानूनच ती गेली.

कागद सोबत पाठवतोय. तुमच्यात काही कमी नव्हतं, ताई. मूळ आकडा आठ होता आणि तो तिनं सांगितला होता. शेजार या बाबीत तुम्हाला दहापैकी दहा आहेत, तेही बघा. खोल्यांचं हे वाचून झाल्यावर ठरवा. "नका येऊ" असं दोन शब्दांत कळवलंत तरी मी समजेन. बांधलेलं सामान तसंच ठेवलंय.

दुसऱ्या सहीची जागा तीन वर्षं कोरी होती. आज तिथे सही केली आहे.

बदल करणारा,
तुमचा मास्तर