सिलिकॉनची राजनंदिनी आणि जिवंत क्रांती

मी आकाराम ज्ञानू कुंभार, वय ४९, मूर्तिकार, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर. रेझीनच्या धुळीनं फुप्फुसं गेली, डोकं शाबूत आहे. कुणी भरीस घातलेलं नाही. पूर्ण शुद्धीत, भीतीपोटी लिहून ठेवतो.

१. शेड, पैलवानांचे साचे आणि तयार मूर्ती पुतण्या जोतीराम याला. हौशी गिऱ्हाईक विचारेल, संग्रहाला रेझीन बरं की सिलिकॉन? रेझीन सांग. पडलं तर फुटतं, पण मूर्ती मूर्तीच राहते. सिलिकॉनचा पहिला डबा तूच शेडमध्ये आणलास, हे मी विसरलेलो नाही.

२. राहतं घर पत्नी झुंबरबाई हिला. थोरली लेक राजनंदिनी तापानं गेली, तेव्हा तिची मूर्ती मी रेझीनमध्ये करणार होतो. झुंबरनं सिलिकॉनच्या नमुन्याचा गाल बोटानं दाबून पाहिला. "ह्येच पायजे. रेझीनची पोर कडक लागती." मी शेण खाल्लं, ऐकलं. एकेक केस सुईनं रोवला. दीड वर्ष झालं, झुंबर त्या मूर्तीला न्हाऊ घालते, वेणी घालते, ताट वाढते.

३. धाकटी क्रांती, वय ११. महिन्यापूर्वी झुंबर म्हणाली, "हिचाबी साचा घेऊन ठेवा की. ही तरी कुठं ऱ्हाणार हाय?" मी नाही म्हटलं. गेल्या मंगळवारी दवाखान्यातून आलो, तर क्रांती बाकावर आडवी, तोंडावर ओलं सिलिकॉन. चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्या मोकळ्या ठेवतात. वीस वर्षं माझ्याबरोबर शेडमध्ये राबलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी सगळं ओरबाडून काढलं. पोर निळी पडली होती. झुंबर म्हणाली, "हलत हुती, म्हणून धरली."

४. क्रांतीचा ताबा माझी थोरली बहीण आक्का, राहणार चंदगड, हिच्याकडे द्यावा. वकील म्हणाले, आई असताना नुसतं लिहून हे टिकायचं नाही. तरी लिहितो. आजच पाठवली असती, पण पोर म्हणते, "तुमी हाय तवर मी जाणार न्हाय." झुंबरला चांगल्या डॉक्टरांना दाखवावं. माझा तिच्यावर अजून जीव आहे, आणि मी तिच्याशेजारी झोपत नाही.

५. सिलिकॉनची राजनंदिनी झुंबरजवळच ठेवावी. काढून घेतली, तर ती दुसरी करायला घेईल. माझं मढं नंतर उचला. आधी क्रांतीला चंदगडच्या एसटीत बसवा.

सही : आकाराम ज्ञानू कुंभार
साक्षीदार : मीरासाब नदाफ, शेजारी (सही)
साक्षीदार : कृष्णात पोवार, मित्र (सही)
कसबा बावडा, कोल्हापूर. १२ जानेवारी २०२५