ह्यांच्या कार्डावरची साडी

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

हे जाऊन दोन महिने झाले, आणि आज ह्यांच्या मोबाईलवर मेसेज आला. ह्यांच्या क्रेडिट कार्डावर निलंग्याच्या दुकानात खरेदी झाली म्हणे. कापडदुकान. म्हणजे साडीच असणार.

बँकेत जाऊन कार्ड बंद केलं. साहेबांनी विचारलं, "कुणावर संशय हाय का, मॅडम?"

दवाखान्यात असताना ह्यांनीच औषधांसाठी धाकट्या दिराला कार्ड दिलं होतं, पिनसकट. मी परत का मागितलं नाही?

तिथूनच त्याला फोन लावला. "वहिनी, पोरीची सोयरीक जमली. मागायची लई लाज वाटली," म्हणाला.

राग आला नाही. साडी कोणत्या रंगाची, एवढंच मनात आलं.

तक्रारीच्या अर्जावर त्याचं नाव लिहिलं. मागितली असती तर साडी मीच घेऊन दिली असती; न विचारता ह्यांचं कार्ड वापरलं, म्हणून लिहिलं. घरी आले तर टँकर आला होता, घागर घेऊन रांगेत उभी राहिले.