बुरुल एजेंचा कॉम्प्युटर घ्यावा की न घ्यावा

आदरणीय थोरल्या ताई, बुरुल एजे,

तळ्याकाठून तुर्सुनाईचा सलाम पोचावा. तुमचे गुडघे, जावईबापूंचा रक्तदाब आणि नातीचे दुधाचे दात कसे आहेत ते सविस्तर कळवा. आमच्याकडे सगळे बरे आहेत. सासूबाई तर इतक्या बऱ्या आहेत की माझ्यात रोज एक नवा दोष शोधतात. हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही म्हणता सगळं ठीक, मी म्हणते सगळं ठीक, आणि तेवढ्यात नात फोन ओढून घेते. म्हणून कागद घेतला.

विषय असा की आपल्या आरोग्यधामाच्या नोंदणी खिडकीवरचा कॉम्प्युटर (तोच, तुमचा नि माझा) निवृत्त झाला. ऑक्टोबरपासून त्याला बनवणारे लोक त्याच्याकडे लक्ष देणार नाहीत, नवे रोग आले तरी औषध पाठवणार नाहीत, असं साहेबांनी सभेत सांगितलं. जुनी यंत्रं कोणाला हवी असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव द्यावं. घरी विचारलं तर आमचे हे, कादिर, म्हणाले, "ज्या घोड्याला उद्यापासून वैद्य मिळणार नाही, तो आज कशाला दावणीला बांधतेस?" मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे वैद्याकडे जाता, तरी सांभाळतेच आहे ना. (दोन दिवस अबोला. घरात छान शांतता होती.) सासूबाईंनी एवढंच विचारलं की त्याच्यावर चहाचा समोवार राहील का.

शेवटी म्हटलं जाणत्याला दाखवावं. साहेबांची परवानगी काढून कॉम्प्युटरचा डबा रजईत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन काराकोलच्या मिनीबसमध्ये बसले. शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी विचारलं, "कोण आजारी आहे, पोरी?" मी म्हटलं, अजून कोणी नाही, ऑक्टोबरपासून. त्यांनी हात पसरून दुवा मागितली. मग वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला सगळी बस रजईकडे बघत होती.

दुरुस्तीवाला मक्सात तरुण आहे, पण बोलतो सर्जनसारखा. डबा उघडला आणि म्हणाला, "एजे, यात सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचं शेत आहे." मी सांगितलं, ते माझं नाही, माझ्या जोडीदारणीचं. (तुम्ही कायम नाकारत होतात. आता पुरावा आहे.) तो टरफलं केरात टाकणार, तेवढ्यात मी हात पुढे केला आणि ती कोटाच्या खिशात घातली. का घातली ते विचारू नका, त्यानेही विचारलं नाही. म्हणाला, "यंत्र अजून पाच वर्षं चालेल. इंटरनेटला मात्र जोडू नका. तुमचं काम काय आहे याच्यावर?"

एजे, खरं सांगू? काम काहीच नाही. घरात कोणाची नोंदणी करणार? पण कळफलकावर नव्हती ती किर्गिझ अक्षरं तुम्ही लाल नखरंगाने काढलीत, ती अजून तशीच आहेत. दुपारी चार वाजले की खिडकी लोटून आपण चहा घ्यायचो, तुम्ही आलेल्या पाहुण्यांच्या नकला करायच्यात, मी हसून हसून तोंडातला तळलेला बोरसोक ठसक्यात घालवायचे. आता तुमच्या जागी नव्या पातळ यंत्रापुढे एक शहाणी मुलगी बसते. चांगली आहे, चुका करत नाही. चार वाजता कानात काहीतरी घालून एकटीच चहा पिते, आणि मी भिंतीकडे बघत माझा पिते. हे मक्सातला कसं सांगणार? मी म्हटलं, हिशेब. त्याने मान डोलावली.

तर तुम्ही वडीलधाऱ्या आहात. घ्यावं की न घ्यावं, तुम्ही म्हणाल तसं करीन.

तुमची,
तुर्सुनाई

ता. क. वरचा प्रश्न मनावर घेऊ नका. मंगळवारीच घेऊन आले. चालू केला की दोन नावं दिसतात, तुमचं नि माझं. माझं उघडतं, तुमचं पासवर्ड मागतं. घरी जोडून द्यायला आलेला मक्सात म्हणाला, ते नाव दोन मिनिटांत पुसून देतो. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

ता. क. २. पासवर्ड पत्रात लिहू नका, टपालाचा भरवसा नाही. फोनवर तर नकोच, नात गावभर करेल. जर्दाळू पिकायच्या सुमाराला या आणि स्वतःच्या हाताने टाका. साहेबांच्या जुन्या सामानाच्या यादीत खुर्च्याही होत्या. मी दोन घेतल्या आहेत.