परण्याची घोडी

गडमुडशिंगी,
१४ मार्च १९९९

प्रिय शिवकुमार,

काल फोनवर तुझं लग्न ठरल्याचं ऐकलं आणि शेजारच्यांच्या सोप्यातच मला रडू आलं. पण तुझा पहिला प्रश्न काय, तर हौशीचा! पाच वर्षं पुण्यात राहिलास, तरी लग्नाच्या परण्याला, वाजतगाजत देवदर्शनाला, आपल्या घोडीवरूनच जायचं म्हणतोस. ती छान आहे, म्हटलं मी. अप्पा शेजारीच उभे होते, दुसरं काय बोलणार?

खरं ऐक. दिवाळीपासून ती खोकत होती. नुसती उभी असली तरी नाकपुड्या फुगायच्या, श्वास सोडताना पोट आत ओढलं जायचं. टांगा बंद झाल्यापासून अप्पांचा सगळा जीव तिच्यातच. थंडी बाधली असेल म्हणून त्यांनी तबेल्याच्या खिडक्यांना पोती लावली, माळ्यावर जपून ठेवलेलं वाळकं गवत खास तिच्यापुढं टाकलं. खोकला वाढतच गेला. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मूठभर गवत उचलून झटकलं, तर नुसती धूळ आणि बुरशी. हा दमा आहे म्हणाले, पुरता बरा होत नाही, सांभाळावा लागतो. गवत भिजवून घाला, मोकळ्या हवेत बांधा, धूळ-धुरापासून लांब ठेवा.

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. "म्हंजी मीच कोंडली की तिला," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं रे. आता रोज सकाळी घमेल्यात गवत भिजवतात, तिला चिंचेखाली बांधतात आणि बरगडीवर हात ठेवून श्वास मोजत बसतात. माझ्या आमटीत मीठ नसलं तरी त्यांना कळत नाही, तिचा श्वास जरा चढला की लगेच कळतं! महिनाभर ती बरी आहे.

पण परण्याला फटाक्यांचा धूर, गुलाल, गर्दीची धूळ. डॉक्टरांनी याचीच भीती घातली आहे आणि अप्पांनी ते ऐकलंय. तरी काल फोन झाल्यावर त्यांनी पेटीतली झूल काढून उन्हात टाकली. तुझा परण्या आपल्या घोडीवरूनच काढायचा, असा तू सहा वर्षांचा असताना तुला शब्द दिलाय ना! माझ्याकडं बघायचं मात्र टाळलं.

म्हणून हे पत्र. अप्पांना तूच फोन कर आणि मला चालतच जायचंय म्हण. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस. राग आला तर माझ्यावर काढ. तुला नाही म्हणणं अप्पांना या जन्मी जमायचं नाही, आणि त्यांनी लगाम धरला की हौशीलाही जमायचं नाही.

तुझीच,
आक्का