ग्रहणात चिरलेली भाजी

दौंड, १२ फेब्रुवारी २००३

पाटसहून आले, पण स्वस्थ बसवत नाही. माझी जुनी विद्यार्थिनी सुनीता, तिच्या तीन वर्षांच्या लेकीला फिट्स येतात. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून! आता हिला माहेरी, कवठ्याला धाडणार होत्या.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेला संयम तिथंच संपला. पुण्याच्या डॉक्टरांनी लेकीला तपासून सांगितलेलं मी खडसावून सांगितलं. गर्भातच एक जनुक आपोआप बदललं, म्हणून मेंदूच्या पेशी आपल्या जागी पोचल्या नाहीत, आणि त्यातूनच हे झटके. विळीचा संबंध काय?

"म्हंजी कुणाचीच चूक न्हाई?"

"फक्त तुमच्या जिभेची."

सासूबाईंनी दाराशी ठेवलेली सुनेची पिशवी आत नेली. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

जिंकले, असं वाटलं. सुनीता स्टँडवर सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, पण विळी मी खरंच घेतली होती हो."

म्हणजे इतकी वर्षं ही स्वतःच स्वतःला... आणि मी काय म्हणाले? "मूर्ख आहेस!" तेवढ्यात एसटी आली. मी चढले. खिडकीतून हातसुद्धा केला नाही.