शेळीचा परदेशी प्रवेश

३ जून
ठरले. एमबीए करायचे, तेही परदेशात. वय सत्तेचाळीस हा काही आक्षेप नव्हे. पूर्वीची माणसे या वयात वनाकडे बघायला लागत, मी विमानाकडे बघतो.
कारण एकच. पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात मी एकोणीस वर्षे आहे. वॉशर हातात दिला तर डोळे मिटून माप सांगतो. आणि विभागप्रमुख कोणाला केले? इस्त्रीला! हे नाव त्याला शर्टांवरून मीच ठेवले. का केले, तर तो एमबीए आहे.
संकल्प : आजपासून इस्त्रीशी अबोला.
हिला बेत सांगितला. म्हणाली, आधी गॅसवरचे दूध बघा. दूध उतू गेले होते.

११ जून
मला इंग्रजीची परीक्षा द्या म्हणतात! संस्कृत घेऊन पदवीधर झालेल्या माणसाला! ज्यांच्या भाषेत काका, मामा आणि आत्याचा नवरा एकाच शब्दात उरकतात, ते माझी भाषा तपासणार! असल्या परीक्षेला मी बसणार नाही.

२६ जून
बसलो. पास. बोलण्यात मार्क कमी. माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत मशीन बीप वाजवून पुढे जाते. घरी तरी वेगळे काय होते?

२ जुलै
निबंध. ‘अपयशाला कसे सामोरे गेलात?’ मला अपयश कधी आलेलेच नाही, अन्याय झालेला आहे. तसे स्पष्ट लिहिले. शेवटी स्वरचित संस्कृत श्लोक घातला. आशय : डोंगर चढणारी शेळी खाली पाहत नाही. कन्या म्हणाली, बाबा, त्यांना काही कळणार नाही. म्हटले, म्हणूनच घातलाय.

१४ जुलै
शिफारसपत्रे दोन हवीत. एक मोठ्या साहेबांचे, एक थेट वरिष्ठाचे, म्हणजे इस्त्रीचे. अबोला मोडावा लागला. पाहा, नियम कसे मुद्दाम करतात!
साहेब म्हणाले, अहो, तुम्हीच लिहून आणा, मी सही ठोकतो. आपल्याकडे कोण स्वतः लिहितो? इस्त्री म्हणाला, काका, तुमची भाषा चांगली, तुम्हीच लिहा ना. काका! मी कोणाचा काका?

१५ जुलै
लिहिली. साहेबांच्या पत्रात मी ‘अद्वितीय’, इस्त्रीच्या पत्रात ‘माझे गुरू’. मग रकाना आला : अर्जदाराचा एक दोष, किमान पन्नास शब्दांत. खूप शोधला, सापडेना. हिला विचारले. ही भाजी चिरत होती. भाजी संपली, दोष संपेनात. उठून आलो आणि लिहिले : फार नम्र आहेत. पन्नास शब्द होईपर्यंत नम्र होत राहिलो.
दोन्ही पत्रे कोरडी वाटली. शेवटी श्लोक घातला.

१९ ऑगस्ट
साहेबांनी बोलावले. दुसरे गोदाम निघतेय, प्रमुख म्हणून तुम्ही जा, इस्त्रीच्या हाताखाली नाही, स्वतंत्र. आता सुचते यांना! म्हटले, जमणार नाही, मी परदेशी चाललो. साहेब म्हणाले, प्रवेश मिळाला? म्हटले, मुलाखतीला बोलावलेय, म्हणजे मिळाल्यातच जमा. साहेब म्हणाले, बघा, महिनाभर जागा धरून ठेवतो. म्हटले, धरू नका.
जेवताना हिने माझ्या ताटात पोळी आपटली. हिला आनंद व्यक्तच करता येत नाही.

२ सप्टेंबर
कॉम्प्युटरवर मुलाखत. बाईंनी विचारले, तुमच्या ऑफिसात सगळ्यांना संस्कृत येते का? म्हटले, वातावरणच तसे आहे. बाई म्हणाल्या, आमच्या प्राध्यापकांना हा श्लोक कुठल्याच ग्रंथात सापडला नाही, तुमच्या अर्जात मात्र तीनदा सापडला. म्हटले, ग्रंथात कसा सापडेल? माझाच आहे! बाईंनी भराभर काहीतरी लिहून घेतले.
जिंकलो.

५ सप्टेंबर
पत्र खरे का, म्हणून साहेबांना परदेशी कॉलेजचा फोन. श्लोकाचा अर्थही विचारला. साहेबांनी त्यांना सांगितले, गोदामाला आग लागली तर कोणत्या दाराने पळायचे ते लिहिलेय! मी रागाने साहेबांना शेळी समजावून सांगितली. म्हणाले, अहो, मग आधी सांगायचे की. मग इस्त्रीला फोन. तो म्हणाला, ते काकांनाच विचारा. दगाबाज! अबोला पुन्हा सुरू.

२० सप्टेंबर
नकार. तीन ओळी. यंदा अर्जदारांचा दर्जा असामान्य होता म्हणे. मग तो कोणामुळे होता? खाली लिहिलेय, या मेलला उत्तर देऊ नये. चार पानी उत्तर दिले. परत आले.
ही म्हणाली, त्या दुसऱ्या गोदामाचे विचारून तर बघा. म्हटले, स्वाभिमान म्हणून काही असते. ही म्हणाली, असते ना, ते चिरून भाजीत घालते उद्यापासून.

२१ सप्टेंबर
विचारले. साहेब म्हणाले, तुम्हीच म्हणालात, धरू नका. आता दोन्ही गोदामे इस्त्रीकडे. हेड ऑफिसला त्याचे शिफारसपत्र पाठवायचेय, जरा तुम्हीच लिहून आणा, मी सही ठोकतो.
पाय आपटत बाहेर आलो. दारात इस्त्री. म्हणाला, काका, चहा घेणार? घेतला. साखर बरोबर होती, त्याचाही राग आला.

२३ सप्टेंबर
पत्र लिहिले. आधी दोषांचा रकाना घेतला, इतके दिवस तोंडपाठच होते. पण कागदावर शर्टाच्या पुढे एक सरकेना. शेवटी लिहिले : फार नम्र आहेत.
श्लोक घातला नाही. माणसाने कुठेतरी ताठ राहावे.
साहेबांनी पत्र वाचले, उलटून मागची बाजू पाहिली, म्हणाले, अहो, शेळी कुठाय?
घातली.